दोराची शेपटी

मी शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत होता: टंचाईच्या वर्षांत मास्तरांनी मदत फंड चालवला, म्हणून गावात चुली पेटल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मास्तर किती विनयशील! माझ्या स्वभावात विनय कधीच नव्हता, हवं तर बायकोला विचारा. मान खाली होती कारण समोर दोन-तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांना त्या फंडाची दुसरी गोष्ट ठाऊक होती. इतक्या वर्षांत त्यांनी ती माझ्यासमोर एकदाही काढली नाही. तेव्हा ती मीच सांगून टाकतो.

आमचं गाव किनाऱ्यावरचं, मालवणच्या बाजारापासून चालत दीडेक तासावर. साठ सालानंतरचा काळ. तांदूळ मिळेनासा झाला होता. रेशनच्या दुकानात लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची, तिची भाकरी थापली तर मोडायची आणि पेज केली तर पोरं तोंड फिरवायची. मुंबईला गिरणीत असलेल्यांच्या मनिऑर्डरी आधी उशिरा येऊ लागल्या, मग काही घरांना यायच्या बंदच झाल्या. त्यात लागोपाठ दोन हंगाम बांगडाही रुसला. एरवी आमच्याकडे भात नसला तरी मासा असायचा. त्या दोन वर्षांत दोन्हींची बोंब होती.

आमची मासेमारी रापणीची. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. एकेका दोरावर वीस-पंचवीस माणसं, वाळूत टाचा रोवून, सकाळचे दोन-तीन तास. मासे वाळूवर आले की तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, त्यांचे वाटे घालायचा. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि दोराला हात लागलेल्या प्रत्येक माणसाचा वाटा. आता दोराच्या पुढच्या भागाला तगडे गडी असत. पण अगदी मागे, जिथे ओढून आलेला दोर वाळूवर पडत जातो, तिथे कुणीही येऊन उभं राहायचं. विधवा बायका, दम्याने धापणारे म्हातारे, तापातून नुकती उठलेली माणसं. त्या टोकाला आम्ही दोराची शेपटी म्हणत असू. शेपटीवरच्यांनी दोर धरायचा, सगळ्यांच्या आरोळीत आपली आरोळी मिसळायची आणि शेवटी ओंजळभर मासे पाटीत घेऊन घरी जायचं. तांडेल त्यांच्याशी वेगळं काही बोलत नसे. पुढच्या गड्यांना म्हणायचा तेच त्यांनाही म्हणायचा, "ओढलंस, वाटो घे."

शेपटीवर सगळ्यांत मागे एक काकी असायची. माझ्या नात्यातली नव्हे, अख्ख्या गावाचीच काकी. तिचा नवरा गलबतावर खलाशी होता. ते गलबत कालिकतला म्हणून गेलं ते आलंच नाही. मूलबाळ नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेली नणंद, तिचं सगळं हीच करायची. वय पंचावन्नच्या आसपास असेल, पण अंगाने इतकी वाळकी की माझ्या चौथीच्या वर्गातली पोरगी तिच्यापेक्षा जड भरली असती. ती रोज सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर हजर. काष्टा घट्ट करून दोर असा धरायची, की हिने सोडला तर अख्खी रापण समुद्रात गेलीच म्हणून समजा. शाळेच्या वाटेवर आमची गाठ पडायची. पाटी डोक्यावर, हात चोळत मला सांगायची, "आज काय जड होतो रे दोर! हात भरान इले." मी हसायचो. ते हसणं तोवर चांगलं होतं, त्यात खोट नव्हती.

मग मुंबईहून पत्र आलं. आमच्या गावच्या चाकरमान्यांचं तिकडे एक मंडळ होतं. त्यांनी एक नाटक लावून, दारोदार फिरून मदत गोळा केली आणि तांदळाची पोती धाडली. स्वतःच्या घरी चणचण असताना त्यांनी हे केलं, त्याबद्दल मी आजही त्यांना हात जोडतो. पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं होतं, की मदत खऱ्या गरजूंना पोहोचावी, त्यासाठी यादी करावी आणि ते काम मास्तरांनी बघावं. यादी हा शब्द वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो, अंगात शिस्तीचं वारं होतं, आणि शाळेच्या चार भिंतींबाहेर शिस्त लावायला काहीतरी हवंच होतं.

माझी नजर गेली ती थेट शेपटीवर. तिथे एक धडधाकट बाप्याही उभा राहायचा, एका हातात दोर आणि दुसऱ्यात विडी, आणि वाटा घेताना मात्र सगळ्यांच्या पुढे. त्याला बघून माझं पित्त खवळायचं. मी देवळासमोर सभा बोलावली आणि सांगितलं की हे असं गबाळं चालायचं नाही. शेपटीवरचे वाटे आता बंद. ते सगळे मासे एका जागी घालायचे, मालवणच्या बाजारात विकायचे, त्याचा तांदूळ घ्यायचा, मुंबईच्या तांदळात मिसळायचा आणि दर सोमवारी शाळेच्या पडवीत यादीप्रमाणे वाटायचा. मासा दुपारपर्यंत वास मारतो, तांदूळ आठवडा पुरतो. लुच्चा माणूस गळेल, गरजूला पोटभर मिळेल. ऐकायला कडू वाटू नये म्हणून शेवटी आवाज चढवून म्हणालो, "आजपासून शेपटीवरचा प्रत्येक वाटा फंडाला जाईल!" टाळ्याही मिळाल्या.

सभा उठल्यावर तांडेल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, तुका काय करूचा आसा ता कर. पण शेपटेक हात लावू नको."

"कित्या?"

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "लावू नको म्हणान सांगतंय." त्याच्याकडे यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्याकडे होतं. बोलण्यात मी एका निरक्षर माणसाला हरवलं, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. लाज वाटायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी शेपटी ओस पडली. ज्यांना वाटा नाही ते कशाला येतील? सगळ्यांनी यादीत नाव घातलं. विडीवालाही आला होता, त्याला मी हाकलला. एकटी काकी मात्र रोजच्यासारखी किनाऱ्यावर आली, काष्टा घट्ट केला आणि दोर धरला. मासे आले, वाटे पडले. ती पुढे झाली. हातात पाटी नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तांडेलाला म्हणाली, "माझो वाटो फंडाक घाल."

तांडेलाने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या ढिगातली ओंजळभर तारली उचलून तिच्या देखत फंडाच्या ढिगावर टाकली. "घातलंय गो," म्हणाला.

मला उमगायला थोडा वेळ लागला. मी सभेत जे बोललो ते तिने शब्दन्‌शब्द खरं मानलं होतं. तिच्या लेखी शेपटीवरचे वाटे बंद झालेच नव्हते. ती अजून दोर ओढत होती, तिला वाटा मिळत होता, आणि तो वाटा ती आता गावातल्या भुकेल्यांना देत होती. रोज. वाटेत भेटली की हात चोळत सांगायची, "आज बरो वाटो होतो रे मास्तर. चार घरांची पेज होतली." रिकामी पाटीसुद्धा डोक्यावर नसायची, म्हणून चालही ऐटबाज झाली होती. गावात ती कुणाला काही देऊ शकते, असं तिला बहुधा आयुष्यात प्रथमच वाटत होतं.

सोमवार आला. यादीत पहिलं नाव तिचं होतं, ती आली नाही. संध्याकाळी मीच तांदूळ घेऊन तिच्या घरी गेलो. तिने गूळपाणी ठेवलं आणि पिशवीकडे बोट करून विचारलं, "ह्यो तांदूळ कोणाक?"

"तुका, काकी."

ती मनापासून हसली. "माका? अरे, मी फंडाक दितंय. दितल्या माणसान रांगेत उभा कसा रवाचा?"

आतून नणंदेचा आवाज आला, "कोण इलो गो?" काकी म्हणाली, "मास्तर आसा. फंडाचा विचारूक इलो." पिशवी घेऊन मी परत आलो. तिच्या शेजारची क्रिस्तांव म्हातारी पूर्वी शेपटीवर तिच्याच पुढे उभी राहायची. तिने मला कुंपणापाशी गाठलं. "मास्तर, तिची चूल एकदाच पेटता. रानातले करांदे उकडता नि नणदेक घालता. आपण काय खाता ता देवाक म्हायत," म्हणाली.

असे तीन सोमवार गेले. माझी झोप उडाली होती हे खरं, पण सगळी काळजीच होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. अर्धी काळजी आणि अर्धा राग. गावातलं सगळ्यांत गरीब घर माझ्या यादीला भीक घालत नव्हतं. त्यातच मुंबईच्या मंडळाचे एक गृहस्थ फंडाचं काम बघायला येणार असल्याचं कळलं.

ते आले, मी त्यांना सकाळी किनाऱ्यावर नेलं. वाळूत बूट रुतवत ते सगळं कौतुकाने बघत होते. वाटे पडत होते. काकी पुढे झाली, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली, "माझो वाटो फंडाक घाल," आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "आमी पण दितंव हां!" पाहुण्यांनी नमस्कार केला आणि मला विचारलं, "ह्या बाई देणगीदार का?"

माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते शाळेतल्या मराठीत बोललो. मालवणीत मला ते बोलताच आलं नसतं.

"काकी, आता पुरे करा. तुमचा वाटा नाहीच. तुम्ही दोर ओढत नाही, नुसता हात लावता. तांडेल इतकी वर्षं तुम्हाला दया म्हणून मासे देत होता. आता तीच मदत तांदळाची मिळते आहे, ती मुकाट्याने घ्या."

काकीने माझ्याकडे पाहिलं नाही, तांडेलाकडे पाहिलं. तो वाकून मासे वेगळे करत होता, त्याने मान वर केली नाही. तिने जरा वाट पाहिली असावी. मग म्हणाली, "असा काय," आणि पदर सारखा करून घराकडे चालू लागली.

पुढच्या सोमवारी ती रांगेत उभी होती, सगळ्यांत मागे, जशी दोरावर उभी राहायची तशी. मी माप भरून तांदूळ घातला, तिने पदरात घेतला. एक शब्द बोलली नाही. मी सांगितलं होतंच, मुकाट्याने घ्या. माझी यादी पुरी झाली, मंडळाचं शाबासकीचं पत्र आलं, आणि मला वाटलं, चला, थोडं कडू औषध पाजलं पण गुण आला. असं वाटणाऱ्या त्या मास्तराच्या आज मी मुस्कटात मारीन.

किनाऱ्यावर ती पुन्हा आली नाही. वाटेत भेटली तर बाजूला होऊन मला वाट द्यायची. नणंद जिवंत होती तोवर ती तांदूळ घेत राहिली. पावसाळ्यात नणंद गेली, आणि त्यानंतरच्या सोमवारी रांगेच्या शेवटी कुणी नव्हतं. चौकशी केली तर कळलं, दाराला कडी घालून ती आरोंद्याला भावाकडे गेली होती.

पुढच्या हंगामात बांगडा परत आला. मुंबईची पोती थांबली, फंड आपोआप मिटला. शेपटीवरची माणसंही एकेक करून आपापल्या जागी येऊन उभी राहिली. कुणी सभा घेतली नाही, कुणी ठराव केला नाही. तांडेल "ओढलंस, वाटो घे" म्हणू लागला आणि विडीवालाही वाटा घेऊ लागला. मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. सगळ्यांत मागची जागा तेवढी रिकामी होती. एक दिवस तांडेल मला म्हणाला, "तूच धाडलंस, आता तूच घेवन ये."

मी रविवार बघून निघालो. एसटीने सावंतवाडी, तिथून दुसऱ्या गाडीने आरोंदा. भावाचं घर खाडीपासून जवळच होतं. काकी खळ्यात बसून सुपातलं भात पाखडत होती. मला बघून तिला खरंच आनंद झाला, तो लपवणं तिला जमलं नाही. तांडेल कसो आसा, क्रिस्तांव म्हातारीचो दमो कसो आसा, बांगडो गावता काय, सगळं विचारलं. मधेच आतून कुणीतरी भांडी घासण्यावरून तिला हाक मारली, ती "इलंय, इलंय" म्हणत उठली आणि माझ्यासाठी चहा घेऊनच आली. येताना तिच्या हातात कोकमाच्या सोलांची एक पुडी होती. इकडेतिकडे बघून तिने ती माझ्या पिशवीत सरकवली. "फंडाक," म्हणाली.

आणि मी काय बोललो? "फंड बंद झालो, काकी." खरं बोलायची खोड इतकी हाडात गेलेली! तिचा चेहरा पडला, पण पुडी तिने काढून घेतली नाही. "मगे तुझ्या घराक ऱ्हवांदे," म्हणाली.

माफी मागायची म्हणून गाडीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एक तोंडातून निघेना. शेवटी एवढंच म्हणालो, "तांडेलान बोलावल्यान. शेपटेर मागे कोण नाय. चल, काकी."

ती सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माका एक सांग रे मास्तर. खरा सांग. माझ्या हातान दोर हलायचो काय?"

आयुष्यभर मी पोरांना प्रश्न विचारले आणि उत्तर द्यायला अडखळला त्याला खाली बसवलं. त्या दिवशी मी अडखळलो. फार नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे तो जाडजूड ओला दोर आला, पुढचे तगडे गडी आले, आणि तिचे काटकीसारखे हात आले. मग मी म्हणालो, "हलायचो तर!"

काकी हसली. वर्गात कुणीतरी हळूच सांगितलेलं उत्तर पोरगं ठोकून देतं, तेव्हा मी जसा हसायचो तशीच हसली. "चाय पी, थंड जाता," म्हणाली. मग तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला घेतलं. निघताना मी परत एकदा चल म्हटलं. तिने मान हलवली आणि मला खाडीच्या वळणापर्यंत सोडायला आली. ती पुन्हा आमच्या गावात कधी आली नाही. चार वर्षांनी ती तिथेच वारल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. तांडेलाने माझा चेहरा बघितला आणि मासे वेगळे करू लागला. वाटे घालून झाले, माणसं पांगली, तो हात धुवायला पाण्यात उतरला तेव्हा मी त्याच्या मागून गेलो. जो प्रश्न मला विचारला गेला होता तोच त्याला विचारला, "खरा सांग. काकीच्या हातान दोर हलायचो काय?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू ह्या मास्तराला शिकवून काही उपयोग नाही.

"माका काय म्हायत?" तो म्हणाला. "मी पुढे आसतंय. दोर ओढताना मागे कोण बघता?"

इतकं सोपं होतं. खोटंही नव्हतं, मी तरी कधी दोर धरला होता? आरोंद्याच्या त्या खळ्यात मी न अडखळता "माका काय म्हायत, काकी" एवढंच म्हणालो असतो, तर सूप बाजूला ठेवून ती माझ्याबरोबर एसटीत बसली असती, असं मला आजही वाटतं.